रस्त्याकडेचं रान

ऊस कारखान्याला गेला की दोन-तीन दिवसांत आमच्याकडे रान पेटायचं आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटायचं नाही. तोडकरी उसाचा वाळला पाला सोलून जागच्या जागी टाकून जायचे. त्याचा गुडघाभर थर सगळ्या वावरात पसरलेला असायचा. त्याला पाचट म्हणतात. वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, एका कोपऱ्याला काडी लावायची आणि लिंबाचा ओला डहाळा हातात घेऊन शेजाऱ्याच्या बांधावर उभं राहायचं, एवढंच काम. तासाभरात रान काळंभोर आणि, आमच्या भाषेत, स्वच्छ. मग तुटक्या उसाच्या बुडख्यांतून जे पीक पुन्हा फुटायचं, त्या खोडव्याला पाणी द्यायला आणि खत घालायला माणूस मोकळा. जळताना पाचट लाह्या फुटल्यासारखं तडतडायचं आणि त्याची काळी पिसं उडत उडत थेट गावात यायची. वाळत घातलेल्या सांडग्यांवर, दुधाच्या पातेल्यात, धुतलेल्या लुगड्यावर. आई वर बघून नुसतं विचारायची, "आज कुनाचं पेटलं गं?" कुणाकडे बारसं आहे हे विचारावं इतक्या सहज.

पलूसपासून दोन कोसांवर आमचं गाव. घरात तेव्हा आम्ही तिघंच होतो. थोरला भाऊ विलास फौजेत भरती झालेला, आबा फौजेतून हवालदार होऊन परत आलेले, म्हणजे घराला एक जवान कायम देणं लागतच असल्यासारखं. आबांनी वर्दी उतरवली होती, पण वर्दीनं आबांना सोडलं नव्हतं. पहाटे पाचला चहा, अंथरुणाची घडी कोपऱ्याला कोपरा लावून, जेवलेलं ताट स्वतः घासायचं. आई त्यावरून त्यांना टोमणे मारायची, "पलटणीत भांडी घासायलाच ठिवलं हुतं वाटतं." आबा तेवढ्यापुरते मिशीत हसायचे. माघ-फाल्गुनात अंगणात हळद शिजायची. कढईच्या वाफेनं घर भरून जायचं आणि आमच्या टाचा, नखं, उशीचे अभ्रेसुद्धा पिवळे व्हायचे. पलूसच्या कॉलेजात मी पिवळ्या नखांनी पेन धरायची आणि हात ओढणीखाली लपवायची. त्या वयात मला लपवावंसं वाटायचं त्यांतल्या निम्म्या गोष्टी आज मी कौतुकानं सांगते. दुपारची भाकरी आबा रानातच खायचे. भाकरी, खर्डा, दही आणि हरभऱ्याचा पाला असेल तर त्याची गोळा भाजी. मी नेऊन द्यायची. ते खात असताना बांधावर बसायचं आणि ते दाखवतील ते बघायचं, अशी माझी रोजची ड्युटी होती.

पाचट न जाळण्याचं खूळ त्यांच्या डोक्यात कुठल्या पुस्तकानं घातलं नव्हतं, की कुणा साहेबानं. एका साली रस्त्याकडेच्या वावरात पाइपलाइनीचा जॉइंट गळत होता. पाचट पेटवलं तेव्हा तेवढा एक कोपरा ओला म्हणून जळला नाही. आबांनी कंटाळा करून तो तसाच सोडला. पुढच्या उन्हाळ्यात सगळा खोडवा पाण्यावाचून माना टाकत होता आणि तो कोपरा हिरवागार उभा. आबांनी तिथलं पाचट हातानं बाजूला केलं. खाली माती गार, भुसभुशीत, आणि गांडुळं. त्यांनी मला खाली बसवलं, माझा हात त्या मातीत खुपसला आणि म्हणाले, "रिपोर्ट दे." मी म्हणाले, "गार लागतंय." "मग? वर चाळीस डिगरी ऊन आन् खाली गार. आपुन ही चादर जाळून टाकतो आन् वर पान्यासाठी भांडतो." त्या दिवसापासून त्यांनी त्या वावराला काडी लावली नाही. तोड झाल्यावर पाण्याची पाळी आली की ते बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढायचे, त्यावर शेणकाला आणि थोडा युरिया टाकायचे, पाणी द्यायचे आणि कुजू द्यायचे.

दुसरं कुठलं वावर असतं तर एक वेळ चाललं असतं. पण हे पडलं एसटीच्या थांब्याला लागून. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तिथं थांबणार आणि आमचं रान बघणार. आमच्याकडे माणसाची पारख रानावरून करतात. बांध साफ, सरी सरळ, काडीकचरा नाही, तो माणूस कामाचा. ज्याचं रान पाचटानं भरलेलं, तो आळशी. गिरणीवर बायका आईला विचारायच्या, "हवालदारांनी काडीपेटी घ्यायची सोडली व्हय?" पोरं म्हणायची, कोल्ह्यांना घरकुल दिलंय. आई घरी येऊन पिठाचा डबा आपटायची. "आवं, करायचं तर मागच्या रानात करा की. रस्त्यालाच कशाला?" आबा शांतपणे म्हणायचे, "रस्त्यालाच करायचं. लोकांनी बघितलं पायजे." "तेच तर म्हनते मी, लोकं बघत्यात." हा संवाद मी तीन वर्षं ऐकला. दोघांचंही बरोबर होतं, हे समजायला मला बराच वेळ लागला. मी मनातून आईच्या बाजूला होते. थांब्यावर मैत्रिणींबरोबर उभी असताना मी त्या वावराकडे पाठ करून उभी राहायची.

लोकांपेक्षा आबांची नजर एकाच माणसावर होती. सदातात्या. पलीकडच्या बांधाचे शेजारी आणि आबांचे शाळेपासूनचे सोबती. तात्या बोलायचे कमी, पण गावात त्यांच्या रानाला मान होता. तात्यांनी नवं बियाणं लावलं की पुढच्या साली अर्धं गाव तेच लावायचं. कुणी विचारलं कशावरून, तर म्हणायचे, "तात्यानं लावलंय." आबांना हे पक्कं ठाऊक होतं. "गावाला सांगून काय व्हत न्हाई. सदानं दोन सऱ्या जरी राखल्या तरी गाव राखतंय," असं ते आईला म्हणायचे. आणि तात्या दर आठ-पंधरा दिवसांनी आमच्या वावरात यायचे, पाचटाखाली हात घालायचे, मूठभर माती काढून हुंगायचे आणि काही न बोलता टाकून द्यायचे. आबा त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. तीन वर्षं. तिसऱ्या साली उसाची तोड झाल्यावर तात्या पहिल्यांदा बोलले, "बघू, औंदा." एवढंच. पण त्या रात्री आबांनी एक भाकरी जास्त खाल्ली आणि आईला म्हणाले, "सदा म्हनला, बघू."

मागच्या वर्षी कृषी महाविद्यालयातली एक मुलगी छापील प्रश्नांचा कागद घेऊन माझ्या सासरच्या घरी आली होती. 'शाश्वत शेतीकडे वळताना आपल्यावर कशाचा प्रभाव पडला?' खाली चौकटी होत्या. शिक्षण, अनुदान, प्रशिक्षण, प्रसारमाध्यमे, शेजारी शेतकरी, इतर. गोड मुलगी होती, उन्हातून आलेली. मी तिला सरबत दिलं. ती पेन सरसावून बसली. मी सगळ्या चौकटी वाचल्या. शेवटी मी म्हणाले, "बाई, तू 'इतर'वर खूण कर." तिला वाटलं असेल, म्हातारीला प्रश्न कळला नाही. प्रश्न मला चांगला कळला होता. माणूस चांगल्या गोष्टीकडे वळतो कशानं, याच्या चौकटी त्यांनी आखल्या होत्या. वळता वळता माघारी फिरतो कशानं, याला चौकट नव्हती.

तात्या 'बघू' म्हणाले त्याच साली मला खंडाळ्याकडचं स्थळ आलं. मुलगा साताऱ्यात नोकरीला, घरी जिरायती शेती, वडीलही फौजेतलेच. आबांना तेवढ्यावरच स्थळ पसंत होतं. रविवारी मंडळी बघायला येणार होती. शुक्रवारी आबा हळदीची पोती टेम्पोत घालून सांगलीला गेले. सौदा शनिवारी सकाळी निघायचा होता, म्हणून मुक्काम तिथंच. जाताना मला म्हणाले, "सोमवारी आपली पान्याची पाळी हाय. तवर पाचटाला हात लावू नका. मी आल्यावर बगतो." आई घर सारवायला लागली होती. शनिवारी सकाळी तिनं उंबरा पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, म्हटलं, "उद्या लोकं यष्टीतनं उतरनार, आन् उतरल्या-उतरल्या समूर आपला उकिरडा." एवढंच म्हणाली. काडी लाव, असं ती म्हणाली नाही. पुढच्या आयुष्यात तिनं किती तरी वेळा मला याची आठवण करून दिली आणि तिचं खरं आहे. मी चुलीपाशी गेले, काडीपेटी घेतली, ओढणी कमरेला खोचली आणि रानात गेले.

मला वाटत होतं, मी घराची अब्रू राखायला निघाले आहे. ते स्थळ मला आवडलं होतं, हेही लिहून टाकते. मुलाचा फोटो मी दोनदा बघितला होता. काळ्याभोर स्वच्छ रानाकडे बघून ती माणसं म्हणतील, कामाचं घर आहे, असं चित्र मी डोक्यात रंगवलं होतं. दुपार झाली होती. वारा तात्यांच्या बांधाकडून आमच्याकडे होता, तेवढं मात्र मी हवालदाराच्या मुलीला शोभेलसं बघितलं. काडी लावली. पाचट कोरडंठाक होतं, भडकायला वेळ लागला नाही. पण त्यात नेहमीच्या धुराचा वास येईना. हिरवी भाजी करपल्यासारखा गोडसर वास यायला लागला. मी पुढे जाऊन बघितलं. पाचटाखाली बुडख्यांना बोट-बोटभर कोंब आले होते. तोड होऊन वीस दिवस झाले होते, खालच्या ओलीवर खोडवा गुपचूप फुटला होता आणि आबा फक्त पाण्याची वाट बघत थांबले होते. ते कोंब माझ्या डोळ्यांदेखत मान मुरडून काळे पडत होते. एकदा वाकून मी पाचट बाजूला केलं असतं, रोज बांधावर बसून जे बघायची तेच एकदा बघितलं असतं, तर मला दिसलं असतं. मी डहाळ्यानं झोडपायला लागले. तात्या त्यांच्या वावरातून धावत आले, तेही झोडपायला लागले, पण आग आमच्या हातात राहिली नव्हती. सगळं झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "कुनी लावली गं?" मी रडत घरी गेले. आईनं माझं तोंड धुतलं.

आबा चारच्या गाडीनं आले. थांब्यावर उतरून ते किती वेळ तिथं उभे राहिले, मला माहीत नाही. घरी आले, पिशवी खुंटीला अडकवली, पाणी मागितलं. तांब्या मीच नेऊन दिला. पाणी प्याले आणि म्हणाले, "कुनी?" मी म्हणाले, "मी." "कशापायी?" "उद्या लोकं यायची हायती." मला वाटलं, आता हात उठेल. उठला असता तर फार बरं झालं असतं. ते म्हणाले, "पाय भाजलं न्हाईत न्हवं?" मी मान हलवली. तेवढ्यात तात्या दारात आले. त्यांच्या मागे गल्लीतली आणखी दोघं होती, कारण धूर सगळ्यांनी बघितला होता आणि मला आगीच्या कडेला उभी असलेलीही बघितली होती. तात्यांनी विचारलं, "हवालदार, ह्ये काय झालं? पोरीनं लावली का काय?" आबा उठले. माझ्याकडे वळूनसुद्धा न बघता म्हणाले, "मीच सांगून गेलतो तिला. लाव काडी म्हनून." मागची दोघं मान डोलवून निघून गेली. आबांनी चपला घातल्या आणि तात्यांबरोबर रानाकडे गेले. तिथं त्यांचं काय बोलणं झालं, मला कळलं नाही. परतल्यावर ते जेवले नाहीत.

रविवारी मंडळी आली. पोहे झाले, शिरा झाला. माझे होणारे सासरे एसटीतून उतरले तेव्हाच त्या वावरापाशी थबकले होते म्हणे. चहा घेताना त्यांनी आबांना विचारलं, "त्ये थांब्याकडचं रान तुमचंच का? वणवा लागला हुता काय?" आबा म्हणाले, "न्हाई. पाचट जाळलं." सासरे हळहळले. "येवढं जाळलं? आमच्याकडं काडी जाळत न्हाई कोन. पानीच न्हाई तर मातीला उघडी ठिवून कसं भागायचं?" मी ट्रे घेऊन उभी होते. आईनं पदर तोंडाला लावला. ज्यांच्यासाठी मी रान जाळलं होतं, त्या घरात वाळली काडीसुद्धा जपून ठेवत होते. स्थळ जमलं. त्या घरात माझी उभी हयात गेली. ज्वारीची धसकटंसुद्धा मातीत परत घालताना मी सासऱ्यांना बघितलं आहे, आणि दर वेळी मला त्या गोडसर धुराचा वास आला आहे.

आमचा तो खोडवा विस्कटून आला. जिथं कोंब मेले होते तिथं मोकळी जागा, मध्ये एखादं बेट, पुन्हा मोकळं. तेही थांब्यासमोर, सगळ्या गावाला दिसेल असं. गावानं आपला हिशेब सरळ लावला. हवालदारानं तीन वर्षं पाचट कुजवलं, रान नासलं, शेवटी शहाणा होऊन त्यानंच जाळायला सांगितलं. पुढच्याला ठेच लागली की मागचा शहाणा होतो म्हणतात. इथं पुढच्याला ठेच लागलीच नव्हती, पण मागचे सगळे शहाणे झाले. पुढच्या साली तोड झाली तेव्हा आबांनी स्वतः काडी लावली. मी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी होते. म्हणाले, "मंगल, दार लावून घे, धूर यील." मी म्हणाले, "आबा, राहू दे की औंदा." ते म्हणाले, "जाऊ दे गं." मी एका माणसाला तरी खरं सांगायला हवं होतं. आधी वाटायचं, सासरी कळलं तर काय म्हणतील. नंतर वाटायला लागलं, आता इतक्या वर्षांनी कशाला. आबा गेले तेव्हा गावात सगळीकडे धूरच होता. अजूनही बऱ्याच रानांत असतो. आता सरकारी माणसं येतात, पडद्यावर चित्रं दाखवतात, पाचटाची कुट्टी करणारं यंत्र येतं. विलास निवृत्त होऊन शेती बघतो, तोही म्हणतो, "मंगल, आपल्या आबांनी करून बघितलंय ते. आपल्या मातीला चालत न्हाई." आणि मी, त्याची धाकटी बहीण, गप्प बसते.

गेल्या हिवाळ्यात माहेरी गेले तेव्हा तात्यांना भेटायला गेले. नव्वदीला आलेत. दारात उन्हाला बसले होते. आबांचा विषय निघाला, आणि त्या मुलीच्या कागदानं माझ्या डोक्यात काहीतरी उकरून ठेवलं असेल, मी बोलून गेले. "तात्या, ते पाचट जाळायला आबांनी सांगितलं न्हवतं. मी माझ्या मनानं जाळलं. त्यास्नी म्हाईतबी न्हवतं."

तात्यांना नीट ऐकू येतं. तरी त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "आन् खोडवा इसकटला त्यो?"

"आगीनं. खाली कोंब आलं हुतं. मी बघितलंच न्हाई."

"आन् आमी म्हनलं, पाचटानं कुजला." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "त्या दिवशी तुमच्या दारातनं आमी दोघं रानात गेलो. मी त्येला म्हनलं, गड्या, तीन वर्सं राखलंस आन् आता रं का? तुझं बघून मी दोन सऱ्या राखल्यात की. तर खाली बघत म्हनला, सदा, तू बी जाळ. चुकलं माझं. म्हनून दुसऱ्या दिशी मी बी काडी लावली."

तात्यांनी सऱ्या राखल्या होत्या, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. आबांना ते ठाऊक होतं. ज्याची ते तीन वर्षं वाट बघत होते ते घडलं होतं, आणि ते घडलं आहे हे कळल्यावर त्यांनी माझ्यासाठी ते स्वतःच्या तोंडानं मोडलं होतं. मी तात्यांच्या पायरीवर बसून रडले. तात्यांनी मला रडू दिलं. त्यांच्या सुनेनं चहा आणून ठेवला आणि ती आत गेली.

"हे तवाच सांगायला पायजे हुतं, पोरी," तात्या म्हणाले. "शाळेपासनं आमी संगं. लय भांडलो, लय येळा त्येचं चुकलं, पन तुझा बा कवा कबूल व्हायचा न्हाई. आख्ख्या जन्मात 'चुकलं माझं' म्हनून त्यो येकदाच बोलला. आन् आमी तेवढंच खरं धरून बसलो."